दोनदा पुसलेला फोटो

आचऱ्याला, समुद्राचा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर, एक सासू राहायची. तिचा मुलगा अनिल, सून सुलभा, आणि आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे दोन मैत्रिणी, ख्रिस्तांची रोज आणि शेवंती. ती सासू म्हणजे मीच. शाळेची पायरी चढले नाही, पण बघितलेलं-ऐकलेलं विसरत नाही. किस्से एवढे साठलेत की मी माणूस नसून फोन असते, तर कधीच बंद पडले असते! लोक आपल्या शहाणपणाचे किस्से सांगतात. माझ्याकडे लाज वाटणारेच जास्त.

०००

पहिला किस्सा हसण्यासारखा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सुलभाच्या लग्नाला सहा वर्षं झालेली आणि घरात पाळणा नव्हता. हळदीकुंकवाला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बायका जमलेल्या. सुनेची ओटी भरायला मी नारळ हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "किती नारळ घालूचे गो हिच्या ओटीत? एकाक तरी कोंब येवंदे!"

दोघीतिघी हसल्या. सुलभा हसली नाही, रडलीही नाही. वाकून माझ्या पाया पडली आणि नारळ घेऊन आत गेली.

पुढच्या महिन्यात दोघं कुडाळला खोली घेऊन राहायला गेली. जाताना अनिलने मला फोन दिला. "आये, बोलूक होया तर ह्याच्यार बोल."

अनिलशी बोलायचे. सुलभाशी दोन वर्षं बोलले नाही. फोन होता हातात, तोंड नव्हतं.

०००

महिन्याभरात फोन भरला. सकाळी उठून बघावं तर फुलं, सूर्य, गणपती, दत्त, समया! एकट्या शेवंतीचे दिवसाला अकरा देव. शेवटी फोन म्हणाला, जागा नाही.

आमची फोनाची डॉक्टरीण म्हणजे रोज. तिच्या गोव्यातल्या भाचीने तिला सगळं शिकवलेलं. ती म्हणाली, "पूस गो ह्ये सगळे."

"देव पुसू?"

आमच्याकडे देवाचं जुनं कॅलेंडरसुद्धा केरात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. आता फोन कसा सोडायचा पाण्यात? मग मी फोन पाटावर ठेवला, वर जास्वंद वाहिली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, तुका ठेवूक जागा नाय म्हणान पुसतंय, राग मानू नको!"

"होय महाराजा!" गाऱ्हाण्याला साथ द्यायला पहिली ओरडली ती रोज. ख्रिस्ती बाई!

गणपतीच्या पाठोपाठ तिनेच नाताळात पाठवलेला येशू निघाला. रोजने लगेच पाठ फिरवली. "ह्यो माझो सायब. माझ्या समोर नको गो. मी तिकडे बघतंय, मगे पूस."

०००

एवढे देव पुसले तरी जागा होईना. रोजने चष्मा लावून फोन चाळला. "अगो, पुसलेला सगळा एका टोपलेत पडान ऱ्हवता, म्हयनोभर! ती टोपली वेगळी रिकामी करूक होयी."

"म्हणजे घरातलो केर काढलंय, पण मागीलदारी ढीग तसोच?"

"तसोच!"

शेवंतीच्या फोनाची टोपली रिकामी करायला बसलो तेव्हा दिवेलागण झालेली. तिने फोनच हिसकावून घेतला. "तिन्हीसांजेक केर भायर काढूचो नाय. लक्ष्मी जाता."

रोज म्हणाली, "फोनात खंयची गो लक्ष्मी?"

"तुझ्या फोनात नसात. माझ्या फोनात चार आसत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने आधी अंगण झाडलं, मग फोन झाडला.

०००

मला तर या कामाची चटकच लागली. वाचता येत नाही, म्हणून मी माझा नियम केला. चेहरा दिसला की ठेवायचा. फुलं दिसली की एक ठेवून बाकीची काढायची. काळं, धुरकट काही दिसलं की पुसायचं, वर टोपलीतूनही पुसायचं. वाडीत माझं नाव झालं. बायका फोन घेऊन खळ्यात यायला लागल्या.

शेवंतीने वायरमनला दाखवायला विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवलेला. मला दिसला नुसता काळा डबा. गेला! वायरमन दारात उभा आणि शेवंती फोनात शोधतेय. मग तिथूनच गडग्यावरून ओरडली, "मेले, फोन साफ केलंस की लुटलंस?"

मी पोट धरून हसले. तेव्हाच लाज वाटली असती तर बरं झालं असतं.

०००

एका दुपारी फोनवर सुलभाचा चेहरा आला. म्हणजे तिने काहीतरी पाठवलेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! हात पदराला पुसला आणि उघडलं.

तीन फोटो. तिन्ही काळे. मधेच राखाडी भुरभुर, चुलीतली राख ओली झाल्यासारखी. मला वाटलं, चुकून बोट लागलं असणार. दोन वर्षांनी सुनेने काही पाठवलं, तेही चुकून! राग आला. तिन्ही पुसले. टोपलीही रिकामी केली. वर खळ्यात येऊन म्हणाले, "सुनेन माका काळोख धाडल्यान!"

तिकडे सुलभा माझ्या उत्तराची वाट बघत बसलेली. मला वाचता येत नाही म्हणून तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं, फोटोच पाठवले होते. हे मला पाचव्या दिवशी कळलं, अनिलचा फोन आला तेव्हा.

"आये, सुलभान धाडलेले फोटो बघलंस?"

"बघलंय. खराब आसले. पुसून टाकलंय."

"पुसलंस?"

"टोपलेतसून पण!" मी ऐटीत सांगितलं.

फोन एवढा गप्प झाला, की मला वाटलं परत भरला. मग अनिल हळूच म्हणाला, "आये, ती सोनोग्राफी होती. तिसरो म्हयनो चालू आसा."

पहिल्या वेळी त्या मुलीला बोलून दुखवलं होतं, या वेळी न बोलून. मी म्हटलं, "तिका दी फोन."

"बोला, आई."

"बाये, त्या दिसा, ओटी भरताना बोललंय ता. माझा चुकला गो."

सुलभा म्हणाली, "रविवारी येतंय. तोपर्यंत फोनाक हात लावू नकात!"

०००

रविवारी दोघं एसटीतून उतरली. रोज आणि शेवंती आधीच खळ्यात येऊन बसलेल्या. सुलभाने आपल्या फोनवर तोच काळा फोटो उघडून माझ्यासमोर धरला. "ह्यां डोक्या. ह्यो हात. दिसता?"

दिसत होतं. आता दिसत होतं! मी माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवलेले. चुकून बोट लागलं तर?

शेवंती म्हणाली, "बघ कशी उभी आसा, मास्तरान शिक्षा केल्यासारखी!"

मला विचारायचा धीर होत नव्हता, ते रोजने विचारलं. पहिलं बाळंतपण आईकडे, ही आमच्याकडची रीतच. "गो बाय, म्हायाराक कधी जातलंस?"

"जाणंय नाय, हयच ऱ्हवतलंय. आवशीक सांगून इलंय," सुलभा म्हणाली. आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्येंका फोटो धाडून काय उपेग, रोजमावशी? बाळच ह्येंच्या समोर ठेवतलंय. बघया, ता कसा पुसतत!"