दोन इंच आखूड लासलगाव

आधी माझा पराक्रम सांगतो. मामांच्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी पाच बाय चारचं प्लायवूड कापून आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि वखारीत मापं घेतली ती बायकोच्या शिवणाच्या टेपनं. तिचे सुरुवातीचे दोन इंच कधीच फाटून गेले होते. मी फाटकी कड धरून "बरोबर पाच फूट" असं ठणकावलं. फळी लांबीलाही आणि रुंदीलाही दोन इंच आखूड आली.

दुसऱ्या कुणी मला परत धाडलं असतं. पण माझ्या बायकोचे मामा म्हणजे छापील गोष्टीत दुरुस्ती केल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. पाककृती, पंचांग, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळे त्यांच्या लेखी कच्चे खर्डे. एकदा केकच्या कृतीत त्यांनी मैद्याऐवजी नागली, साखरेऐवजी गूळ आणि भट्टीऐवजी कुकर घातला. सुरी आत शिरेना, तेव्हा म्हणाले, "केक उत्तम आहे, सुरी जुनी झालीय." आमच्या लग्नाचा छापील मुहूर्त त्यांनी पाहुण्यांना अर्धा तास अलीकडचा सांगितला होता, नाशकात वऱ्हाडी वेळेवर आलेलं लग्न म्हणून अजून आमचं नाव निघतं.

गाडी मामांच्या मुलानं परदेशातून पाठवली होती, सोबत रुळांचा नकाशा छापलेलं मासिक. मामांनी नकाशातलं बर्फ पुसून कसाऱ्याचा घाट केला आणि लाकडाच्या कारखान्याच्या जागी लासलगाव स्टेशन आणलं. ते मामींचं माहेर. कमरेचं हाड मोडून त्या पलंगावर पडल्या, तेव्हापासून "माझं लासलगाव आता संपलं" एवढंच म्हणायच्या. बोगद्याचा डोंगर मात्र मामांचा जीव की प्राण. त्यासाठी महिनाभर घरात वर्तमानपत्रांचा लगदा भिजत होता. सगळ्या नकाशात त्या डोंगराची जागा तेवढी त्यांनी छापल्याबरहुकूम ठेवली होती.

आखूड फळीवर रुळांची वळणं बसेनात. डोंगर ठेवायचा तर स्टेशन नाही, स्टेशन ठेवायचं तर डोंगर नाही.

"मामा, नवी फळी आणतो," मी मान खाली घालून म्हणालो.

"राहू द्या, जावईबापू. छापणाऱ्यानंच दोन इंच जास्त छापलंय."

असं म्हणून त्यांनी डोंगर उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. पुढे त्यात कबुतरांनी संसार थाटला. आणि फळी मामींच्या पलंगाला लावली तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं, की डोंगर ठरल्या जागी बसला असता तर त्यांना स्टेशन दिसलंच नसतं.

फलाटावर मसुराच्या डाळीचे, म्हणजे कांद्याचे, ढीग होते. मामी कुशीवर वळून बघत होत्या. गाडी स्टेशनातून तशीच पुढे निघाली.

"अहो, थांबवा की. उतरायचंय मला."

मामांनी बटण दाबलं. "सावकाश उतर. पिशवी मी घेतो."

मामी हसल्या, आणि मग बराच वेळ पदरानं डोळे पुसत राहिल्या.

येणाऱ्याजाणाऱ्याला मामा सांगायचे, "मूळ नकाशा चुकला होता, आमच्या जावयांनी सुधारला." मी चहाच्या कपात बघत बसायचो. आता ते दोघंही नाहीत. माझी बाजू इतक्या प्रेमानं खोटं बोलून घेणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

गाडी पहिल्यांदा लासलगावला थांबली त्या दिवशी घरी आल्यावर मी ती टेप टाकून द्यायला निघालो. बायकोनं ती माझ्या हातातून काढून घेतली, गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवली आणि म्हणाली, "असू द्या. मामी माहेरी जाऊन आल्या तिच्यामुळे."