लोकांच्या बागा

थकायले काही डोंगर चढावा लागत नाही. लोकांच्या घरी जाऊन पोहे खाल्ले तरी माणूस थकते.

आमच्या मलकापुरात बागेची आवड असणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. ऊन तापायच्या आधी एक रविवार धरायचा, ऑटो करायचे आणि एकमेकांच्या घरच्या बागा पाहत फिरायचं, असं त्यांचं दरसालचं ठरलेलं. यंदा मी आमच्या यायले, म्हणजे नवऱ्याले, म्हटलं, आपण बी जाऊ. हे काही खुश झाले नाही. दुपारभर घरी पडलो असतो, एवढंच म्हणाले.

पण मले जायचंच होतं. आमच्या गच्चीवर माही स्वतःची बाग, मी हातानं वाढवलेली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, ड्रमात सोनचाफा. दिवाळीत गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरनं जिना बंद केला. तवापासून पाणी घालायचं काम यायच्याकडे. जिना घरामागं. सकाळी मी आंघोळ करून येईपर्यंत देवापुढे फुलांची ताटली भरलेली असे. मी विचारायची, मोगऱ्यानं कळी धरली का? हे म्हणायचे, धरली. छाटणी केली का? केली. तेवढ्यावर माहा दिवस निघायचा. माणसाले आपलं म्हणून काहीतरी लागते, आणि माहं तेवढंच उरलं होतं.

पहिल्या घरी झाडांपेक्षा प्लास्टिकचे बगळे जास्त. दुसऱ्या घरच्या बाईनं एकेका वांग्यापाशी उभं करून त्याची जन्मकथा सांगितली. तिसऱ्या घरची बाग गच्चीवर. सगळे वर गेले, मी खाली खुर्चीवर बसली. हे बी माह्याजवळच थांबले. तुले एकटं वाटन, म्हणाले. म्हातारपणी का होईना, माणूस सुधरलं, असं वाटून मले बरं वाटलं. घरोघरी पोहे, घरोघरी चहा, आणि नाही म्हटलं तं त्या बाईचं तोंड उतरते. मी बी घरोघरी सांगत सुटली, पुढच्या साली आमच्या गच्चीवर या बरं का. हे तवा चपला शोधत असायचे.

ऊन चढलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. शेवटचं एक घर राह्यलं तं हे म्हणाले, बस झालं, घरी चाल. जीव तं माहाही कंटाळला होता. पण ते घर आमच्याच मागच्या गल्लीत, बाग अंगणात, जिन्याची भानगड नाही. इतकं फिरलो तं तेवढ्यानं काय होते, मी म्हटलं. यायचं आधी डोकं दुखलं, मग पोट दुखलं. मी ऐकते थोडीच.

त्या घरची बाई मोठी साधी. फाटक उघडलं, मले नमस्कार केला आणि यायच्याकडे पाहून म्हणाली, "काका, आज फुलं न्यायले नाही आले? मी काढून ठेवली होती तुमच्यासाठी."

ओट्यावर ताटली होती. जास्वंदी, मोगऱ्याच्या कळ्या. माह्या देवापुढे रोज असायची तीच फुलं. चारचौघांत काय बोलणार? बाग पाह्यली, छान आहे म्हटलं, पुन्हा पोहे खाल्ले. त्या घरी मी कोणाले आमच्याकडे या म्हटलं नाही.

घरी आली आणि पाय बी न धुता खुर्चीत बसली. अंगात त्राण नव्हतं, पण राग होता.

"वाळवली ना माही बाग?"

मी पुन्हा विचारलं, सगळीच गेली का? कढीपत्ता संक्रांतीपर्यंत होता, हे म्हणाले.

मग मात्र मी तोंड सोडलं. दोन बादल्या पाणी होत नव्हतं तं सांगायचं, एखादी बाई लावली असती. लोकाच्या दारची फुलं आणून मले रोज खोटं सांगायची काय गरज होती? बायकोले येडी समजता का? माहा दम संपला तवा हे म्हणाले, "मले जिना चढवत नाही. अर्ध्यात गेलो का छाती भरून येते, मग तिथंच बसून राहा लागते."

"कवापासून?"

"झाले तीन महिने."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तू तं गुडघे धरून बसलीच होती. म्हटलं, दोघांतलं एक तरी धड आहे, असं तुले वाटू दे."

मले वाटलं होतं, बागेसाठी रडू येईल. बागेचं काही आठवलंच नाही. मी यायच्या पायातल्या चपला काढल्या, पाणी आणून दिलं आणि हात छातीवर ठेवून पाह्यला. धडधड होती, पण मले त्यातलं काय समजते?

सकाळी उठून दवाखान्यात गेलो. दर खेपेसारखं कंपाउंडर माहं नाव लिहायले लागला. मी म्हटलं, माहं नको, यायचं लिही.