बाबांचं वाढलेलं वजन

बाबांना अ‍ॅटॅक आला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. ते वाचून घरी आले आणि आम्ही निर्धास्त झालो. चूक तिथेच झाली.

सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. अ‍ॅटॅकमध्ये हृदयाचा काही भाग मेला, उरलेल्याला रक्त पुढे ढकलायला जोर पुरत नाही. याला हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि अ‍ॅटॅकमधून वाचलेल्या पुष्कळांना पुढे हेच नेतं. दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी नको, मीठ कमी, रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ताबडतोब आणा. मी तुयेच्या औषध कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगवर आहे. गोळ्यांची नावं तोंडपाठ, म्हणून घरातली अर्धी डॉक्टर मीच. रजा काढून माहेरी नार्व्याला राहिले आणि पाण्याची बाटली ताब्यात घेतली. बाबांनी एक घोट जास्त मागितला की मी खेकसायची. पाळी गावच्या खाणीवर उभं आयुष्य ट्रक चालवलेला माणूस माझ्यापुढे रिकामा ग्लास धरून उभा राहायचा.

पेज मात्र कोणी मोजली नाही. आमच्याकडे आजारी माणसाला पेज देतात, त्यात विचारायचं काय? आई सकाळी दहाला वाडगाभर द्यायची, दुपारी चारला पुन्हा, आणि तोंडाला चव म्हणून मिठातली कैरी. मी एकदा म्हटलंही, "आई, पेज म्हणजे पाणीच ना?"

"पेज म्हळ्यार अन्न गो. पोटांत कितें तरी वचूंक नाका?"

पोटात काहीतरी जायला हवंच, मला पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात वजन वाढू लागलं. एकसष्ट, बासष्ट, चौसष्ट. मी रोज आकडा कॅलेंडरवर लिहीत होते आणि अंगी लागतंय म्हणून मनातून खूश होते. गाल भरले, पायही भरले. शेजारीण म्हणाली, "आतां बरे आंगान भरले गो." आई लाजल्यासारखी हसली. नवऱ्याला तिनेच तर उभं केलं होतं. बाबा खुर्चीत बसूनच झोपू लागले, तेव्हा आम्ही म्हटलं, उकाडा आहे.

न्हाणीपर्यंत चालताना धाप लागली, तेव्हा कुठे त्यांना नेलं. डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला.

"हें मांस न्हय, उदक," ते म्हणाले. "वजन वाडूंक लागलें तेन्नाच हाडपाक जाय आशिल्ले."

वजन वाढू लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घोटभर पाण्यासाठी मी बाबांना तरसवलं आणि वाडग्या-वाडग्याने त्यांना बुडवलं. आठव्या दिवशी ते गेले.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "काळजान दगो दिलो. पूण हांवें खाणा-जेवणाक उणें पडूंक दिलें ना. गेले तेन्ना आंगान भरिल्ले." ऐकणारे मान हलवतात. मग ती माझ्याकडे बघते, मी होय म्हणावं म्हणून.

मी होय म्हणते.