दहा वेळा लिहिलेलं मत

आमच्या गल्लीत इंग्रजीची वही एकटी येत नाही. तिच्यासोबत वाटी येते. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी वरण. हिंगोलीत इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी शेजारी असली की तिच्याकडून लेकरांचा गृहपाठ लिहून घ्यायचा आणि तिनं पैसे मागायचे नाहीत, हे कोणी न सांगता ठरलेलं असतं. मी लिहून देते. न बोलता करता येतं म्हणून मला ते बरंच वाटायचं.

पलीकडच्या घरातली नववीतली पोरगी मात्र वही ठेवून जात नसे. समोर बसून विचारायची, इथं हे क्रियापद काहून आलं, हा शब्द काहून बदलला. तिचे वडील मोंढ्यात हळदीची पोती उचलतात.

एका धड्यात एका मुलीला रस्त्यात पैशांची पर्स सापडते आणि ती एकटीच जाऊन मालकाच्या घरी देते. शेवटचा प्रश्न होता, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पोरीनं विचारलं, "माझ्या मनानं लिहू?" मी म्हटलं, तुझ्याच मनानं. तिनं अर्धा तास घालवून चार ओळी लिहिल्या: मी आधी आईला सांगेन. एकटी अनोळखी दारात गेले तर लोक म्हणतील, हिनंच चोरली असेल. इंग्रजी मोडकं होतं. मी फक्त क्रियापदं नीट केली.

दुसऱ्या दिवशी त्या चार ओळींवर लाल रेघ होती. इंग्रजीच्या सरांनी वर्गात तिला उभं करून विचारलं होतं, "तुझ्यावर काहून संशय घेतील? तसं काही केलं का?" सगळा वर्ग हसला. मग सरांनी 'स्वतःचं मत' फळ्यावर लिहून दिलं. साठ पोरांनी एकच मत उतरवून घेतलं. हिला ते दहा वेळा लिहायची शिक्षा.

मी शाळेत गेले. वाटेत वाक्यं तयार केली होती. तिनं खरं लिहिलंय, तुम्ही तिची माफी मागा. सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. "मॅडम, पोरगी हुशार हाय. पण पेपरात असं चालत न्हाई. मार्क तिचेच जातील." मी म्हटलं, हो सर. चहा प्यायले आणि परत आले.

राग सरांचा आलाच. पण त्या 'हो सर'चा जास्त आला. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड आणि उत्तर तिथंही गाइडमधलं. मला नव्वदच्या वर गुण पडायचे. एवढ्या वर्षांत माझं मत कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

पोरगी आमच्या फाटकाशी थांबली होती. काय म्हणले सर, तिनं विचारलं. मी म्हटलं, मी काही बोलले नाही. तिनं मान हलवली, जणू हेच होणार हे तिला ठाऊक होतं. मग माझ्याच पायरीवर बसून तिनं फळ्यावरचं मत दहा वेळा लिहिलं. अक्षर सुरेख.

काल वही परत आली, वर कढीची वाटी. पोरगी बसली नाही.

"ताई, मताचा प्रश्न हाय. तुमीच लिहून द्या. मी उतरवून घेते."

त्या पानावर मी काहीही लिहिलेलं नाही. मागची पानं उलटून पाहिली. लाल रेघेखालच्या चार ओळी अजून वाचता येतात. उद्या ही वही घेऊन मी पुन्हा शाळेत जाणार आहे आणि या वेळी चहाला नाही म्हणणार आहे. वाक्यं या वेळी कागदावर लिहून घेतली आहेत. तोंडातून निघाली नाहीत तर कागद टेबलावर ठेवीन.