महासंगमातली पंगत

बाबांचा आवाज मोठा होता, म्हणजे समोरच्याला वैताग येईल इतका मोठा. त्यांचं आयुष्य आकुर्डीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये गेलं. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळत असताना शेजारच्याकडे साधा पाना मागायचा तरी ओरडावं लागतं, आणि ती सवय ते डब्याच्या पिशवीबरोबर घरी आणायचे. ते खाली गेटपाशी कुणाशी बोलत असले की तिसऱ्या मजल्यावरून आई भाजी परतता परतता मध्येच उत्तर द्यायची. आमच्या घरातलं एकही गुपित बिल्डिंगमध्ये गुपित राहिलं नाही. माझं दहावीचं गणित जेमतेम निघालं हे मला कळायच्या आधी वॉचमनला कळलं होतं.

आता ते बोलत नाहीत. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन करून ते काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, त्यातून ते श्वास घेतात. त्याआधी कित्येक महिने त्यांचा आवाज बसलेला होता. निवृत्तीनंतर ते चाकणला एका छोट्या कारखान्यात देखरेखीला जायचे, तेव्हा चाकणची धूळ, कंपनीच्या बसमधला वारा, कूलरचं गार पाणी, असं आम्ही दिसेल त्याला दोष देत राहिलो. तपासण्या झाल्या तोवर घशातून नुसती खरखर येत होती. रेकॉर्ड करून ठेवावा असा आवाजच उरला नव्हता.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. बाबांनी ते एकदा लावलं आणि सपाट, यांत्रिक आवाजात ‘चहा’ म्हणाले. माझ्या लहानग्या भाचीनं भोकाड पसरलं. तेव्हापासून ते यंत्र कपाटात आहे आणि बाबा तिच्याच खेळण्यातल्या पाटीवर लिहितात. लिहायचं, आणि खालची दांडी ओढली की सगळं पुसलं जातं. आईला चष्मा सापडेपर्यंत बाबांचा निम्मा राग ओसरलेला असतो, त्यामुळे आमच्या घरात आता भांडणंही धड होत नाहीत.

ऑपरेशननंतर बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एकदा सहज विचारलं, “यांचा जुना आवाज आहे का कुठे? हल्ली थोडा जरी स्वच्छ आवाज मिळाला ना, तरी कॉम्प्युटर त्यावरून नक्कल तयार करतो. फोनवर टाइप करायचं, फोन यांच्या आवाजात बोलेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताथवड्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणजे जगातला कुठलाही कॉम्प्युटर मला चालवता येतो, अशी त्यांची समजूत आहे. ती मी कधी खोडून काढली नव्हती. मी म्हणाले, “असेल की. इतका बोलणारा माणूस.”

नव्हता. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओवर फोटोग्राफरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी लावून ठेवलीत. फोनवर व्हिडिओ होते, बारशाचे, वाढदिवसाचे, पण त्या सगळ्यांत सुरुवातीलाच आईचा आवाज येतो, “अहो, गप्प बसा जरा, शूटिंग चालू हाय.” आणि बाबा आज्ञाधारकपणे गप्प बसलेले दिसतात. आवाज पाठवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत, सरळ फोन लावायचे. जिथे तिथे ऐकू येणारा हा माणूस कुठेच नव्हता. मी मुकाट्यानं एकेक व्हिडिओ बंद करत गेले आणि मला भयंकर राग येत राहिला, कुणाचा ते कळत नव्हतं.

मग आईला ती मालिका आठवली.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात एका मराठी मालिकेतल्या लग्नाचं शूटिंग झालं. पंगतीला माणसं हवी होती. गुरुवार होता, म्हणजे आमच्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी, तेव्हा रिकामी माणसं हवी तितकी. बाबांचा कंपनीतला एक दोस्त त्यांना घेऊन गेला. बाबांना पंगतीत पुढे बसवलं आणि सांगितलं, की जिलबी वाढायला आले की हात आडवा धरायचा आणि ‘बास, बास’ म्हणायचं. बाबा आमचे बीडकडचे. लग्नाच्या पंगतीत जिलबीला नको म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसेना. कॅमेरा चालू झाल्यावर ते म्हणाले, “वाढा की! लग्न काय रोज असतंय का!” सगळे हसले. दिग्दर्शकानं तेच पुन्हा करायला लावलं. ही हकिकत आम्हाला पाठ आहे, कारण पुढे कितीतरी दिवस ते ही ओळ जेवताना, बसमध्ये, दूधवाल्याला, जमेल तिथे ऐकवत होते.

तो भाग लागला तेव्हा अर्धी बिल्डिंग आमच्या घरात होती. पंगत आली, बाबा दिसले, आणि एकच गलका झाला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. बाबा स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, “बघा, बघा!” क्षणभराचं ते दृश्य निघून गेलं. पण टीव्हीवर ते बोलले होते, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

“तो भाग काढ,” आई म्हणाली. “एवढं कम्प्युटरचं काम करायलीस, तेवढं नाही व्हायचं तुला?”

वाहिनीच्या ॲपवर त्या मालिकेचे जुने भाग होते, पण ते शेकड्यांनी. आमच्या आईची ती आवडती, मोठ्या सुनेची मालिका. ती सून वर्षानुवर्षं घरच्यांचं सोसत होती, आणि प्रत्येक भागाचं चित्र तेच, तिचा रडवेला चेहरा. लग्नाचा भाग कुठला ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तेव्हा मी मला येतं ते केलं. जगभरातल्या मालिकांची माहिती जमवणारी एक वेब सेवा आहे. कुठल्या मालिकेचा कुठला भाग कधी लागला, त्यात काय घडलं, कोण होतं, असं सगळं तिथे विचारता येतं. त्या सेवेशी बोलायचे नियम किचकट, म्हणून कुणा भल्या माणसानं आधीच लिहून ठेवलेला कोड वापरायचा. त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. आपण एका ओळीत मागणी करायची. रांगेत उभं राहणं, विचारणं, मिळेल ते आणून हातात देणं, हे सगळं ती करते, रेशनच्या दुकानात शेजाऱ्याला पाठवावं तसं. ऑफिसात मी हेच करते, फक्त तिथे मोटारींचे सुटे भाग असतात.

रविवारी सकाळी बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी मालिकेचं नाव दिलं आणि भागांची यादी मागितली. यादी आली. भागाचा क्रमांक, तारीख, आणि पुढे सगळं रिकामं. शीर्षक नाही, कथा नाही, कलाकार नाहीत, चित्र नाही. खात्री करायला म्हणून मी परदेशातली एक कधीच बंद पडलेली मालिका मागवली. तिच्या एकेका भागात दारात उभं राहणाऱ्या पोस्टमनचंही नाव होतं. आपल्याकडे रोज रात्री घराघरांत पोळ्या थांबवून बघितली जाते ती मालिका, आणि तिच्याबद्दल जगाला सांगण्यासारखं कुणाला काही वाटलं नव्हतं. मी टेबलावर हात आपटला. बाबांनी पाटीवर लिहिलं, “सावकाश.”

निदान तारखा होत्या. आईला आठवत होतं की शूटिंगनंतर दिवाळी झाली आणि मग एका रविवारी तो भाग लागला. मी त्या सुमाराचे भाग निवडले आणि आम्ही तिघं ते ॲपवर बघायला लागलो. मोठ्या सुनेच्या दिराचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला. हळद झाली, आई म्हणाली, “आलं, आता आलंच.” बाबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. मी पुढचा भाग लावला, तर नवी नवरी स्वयंपाकघरात उभी आणि सासू तिला मिठावरून बोलत होती. लग्न होऊन गेलं होतं. मी यादी पुन्हा मागवली. हळद आणि मीठ यांच्यामध्ये एकही भाग नव्हता.

बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून मला वाटलं की हे आता सोडून द्यावं. मी सोडलं नाही, कारण तितक्या जवळ येऊन ते जमणारं नव्हतं.

मी हळदीचा भाग पुन्हा लावला आणि या वेळी पुढे न ढकलता शेवटपर्यंत चालू दिला. शेवटी जाहिरात आली: येत्या रविवारी, महासंगम. मोठी सून आणि दुसऱ्या एका मालिकेतली वकिलीणबाई खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. दोन मालिका एकत्र आणून एका संध्याकाळी लांबलचक भाग दाखवायचा, हे आपल्या वाहिन्यांचं नेहमीचं. माहिती जमवणाऱ्यांनी तो दोन्हीकडे कशाला लिहावा? मी वकिलीणबाईंची यादी मागवली. त्यातही नव्हता. मग मी लायब्ररीबरोबर आलेलं डॉक्युमेंटेशन पहिल्यांदा नीट वाचलं. तळाशी एक ओळ होती, की नेहमीचे भागच आणले जातात, विशेष भाग हवे असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं.

वेगळं सांगितलं. एक भाग आला. रविवारची तारीख, शीर्षक महासंगम, बाकी रिकामं. ॲपवर वकिलीणबाईंच्या मालिकेत, त्याच तारखेला, तो भाग होता.

मी हाक मारली तशी आई हात पुसत आली. बाबांनी शर्ट नीट केला, हे मी पाहिलं. नवरा-नवरी आले, अक्षता पडल्या, वकिलीणबाईंनी कुणाचं तरी कारस्थान ओळखलं, आणि मग पंगत. बाबा होतेच. दाट केस, टोपी, भरलेली मान. समोर जिलबीचं ताट घेऊन वाढपी वाकला. बाबांनी हात वर केला, त्यांचे ओठ हलले, मान मागे गेली, शेजारचे हसले. आणि या सगळ्यावरून सनई वाजत होती.

बाबांनी माझ्याकडे बघून हवेत बटण पिळलं: वाढव. मी मागे नेऊन पुन्हा लावलं आणि आवाज वाढवला. सनई मोठी झाली. त्यांनी पुन्हा बोटं फिरवली. मी होता तेवढा सगळा आवाज दिला, आणि सनई घरभर झाली. आई म्हणाली, “अगं, पण हे काय बोलायलेत ते ऐकूच येईना की.” मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणाले, “सनई वेगळी काढता येते आई. बघते मी.”

खरंच काढता येते. गाण्यातून वाद्यं बाजूला करून आवाज सोडवणारे प्रोग्रॅम असतात. पुढचे काही दिवस ऑफिसमधून आले की मी तेच करत होते. सनई बाजूला झाली, तर खाली लग्नघरातली गजबज निघाली, भांडी, बायकांचं हसणं, एक मूल. मी ती कान देऊन ऐकली आणि मग संशय आला म्हणून साखरपुड्याच्या भागातली गजबज तशीच सोडवून बघितली. तीच भांडी, तेच हसणं, तेच मूल. ती तयार गजबज होती, प्रत्येक समारंभाला लावायची. पंगतीतल्या माणसांचा आवाज त्यांनी घेतलाच नव्हता. माइक वकिलीणबाईंना होता.

बाबा रोज संध्याकाळी मी चपला काढत असताना बघायचे. मी लॅपटॉप उघडला की खुर्ची घेऊन यायचे. मला ते सहन होईना. एका संध्याकाळी मी लॅपटॉप उघडलाच नाही. त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, “बाबा, तुमचा आवाज त्यात नाहीये. सनईच्या खालीपण नाहीये. त्यांनी तो रेकॉर्डच केला नव्हता. दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.”

त्यांच्या गळ्याच्या भोकातून श्वासाचा बारीक आवाज येत होता. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, “पण मी बोललो होतो.”

“हो बाबा,” मी म्हणाले. “बोललात ना.”

त्यांनी दांडी ओढून ते पुसलं. पुन्हा लिहिलं, आणि पाटी माझ्या हातात दिली.

“मोठ्यानं बोललो होतो.”