डायरेक्टर आणि क्रिकेटची सीडी

शनिवार, सात फेब्रुवारी. शारजा, अल मजाज, आठवा मजला. हजर : डायरेक्टरांची मुलगी मृण्मयी, फुजैराहून सकाळच्या बसने आलेले भिकाजी आणि यादी घेऊन मी. काम : फ्लॅट रिकामा करणे. डायरेक्टर गेले त्याला आज महिना झाला.

डायरेक्टर हे त्यांचं पद नव्हतं. शारजातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये ते सेल्समन होते आणि मी टायपिस्ट. कुठलंही काम सांगा, ते सुरू व्हायच्या आधीच ते म्हणणार, "झालंच समजा." मी यादी समोर धरायची आणि त्यांनी माझंच पेन घेऊन न झालेली कामं खोडायची. यावरून आमचं रोज वाजायचं.

"डायरेक्टर, कॅमेऱ्याचा स्टँड आलेला नाही."

"येतोय ना? मग झालंच समजा."

चीड यायची. आणि स्टँड यायचाही.

तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायचं, सीडीवर चालणारं खेळाचं यंत्र नवीन आलं होतं. त्यात कार्टूनऐवजी खरी माणसं पडद्यावर खेळताना दिसायची. शोरूमच्या शेटने खोकी मागवली, पण त्यांच्यासोबत क्रिकेटचा खेळ नव्हता. शारजात क्रिकेट नसलेलं यंत्र घेणार कोण? "आपण बनवू," डायरेक्टर म्हणाले. प्रोग्रॅम लिहिणारी दोघं मुंबईत, चित्रीकरण इथे. शेटने इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनापर्यंत पाच आठवडे दिले. नाही जमलं तर खेळ बंद आणि डायरेक्टरांचा व्हिसाही.

खेळाडू म्हणजे एका लेबर कॅम्पातली कोकणातली पोरं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची. बोलरचं धावत येणं वेगळं चित्रित करायचं, चेंडू सोडणं वेगळं, फटका वेगळा. खेळणाऱ्याने बटण दाबलं की सीडी ते तुकडे जोडायची. त्यामुळे शर्ट, बूट, मिशी सगळं दर शुक्रवारी तेच हवं. ते मी लिहून ठेवायची. डायरेक्टर कॅमेऱ्यामागून कॉमेंट्री करायचे, "आणि ही निघाली खेडची तोफ!" तोफ म्हणजे भिकाजी. तो लाजून हसायचा, की तुकडा पुन्हा घ्यायचा.

तिसऱ्या शुक्रवारी भिकाजी आला तो केस आणि मिशी उतरवून. वडील गेले होते. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, म्हणून खोलीतल्याच एकाने वस्तरा चालवला होता. "शब्द दिला होता साहेब, म्हणून आलो," एवढंच म्हणाला.

आधीच्या दोन शुक्रवारी चित्रित केलेल्या सगळ्या तुकड्यांमध्ये तो केसांसकट, मिशीसकट होता. शेट उन्हात घड्याळ बघत उभे होते. "अरे डायरेक्टर, नकली मूछ चिपका दो, ऊपर टोपी. खलास."

"लावा साहेब," भिकाजी म्हणाला, "मला चालेल."

"मला नाही चालणार," डायरेक्टर म्हणाले. "बापासाठी उतरवलेली मिशी मी परत चिकटवू?"

दोन शुक्रवारचं काम त्यांनी बाद केलं आणि पहिल्या चेंडूपासून सुरुवात केली. वेळ भरून काढायला डावखुरा बॅट्समन काढला, रनआउट काढला. माझी यादी निम्मी झाली आणि खेळ वेळेत पुरा झाला.

पोस्टरवर त्यांनी भिकाजीचाच फोटो लावला. प्रदर्शनात तीन दिवस स्टॉलवर उभं राहून ओरडत होते, "यल्ला हबीबी, एक ओव्हर खेळून जा!" रांगेतली पोरं खिदळायची, "अंकल, आय वॉन्ट द टकलू!" डायरेक्टर कंट्रोलर मागे घ्यायचे. "त्याचे वडील गेलेत. तरी तो आलाय. हं, आता खेळ." पोरगं कंट्रोलर हातात घ्यायचं. आणि मग हट्टाने भिकाजीच मागायचं.

ते यंत्र पुढे चाललं नाही, लवकरच बाजारातून गेलं. डायरेक्टरांनी खंत केली नाही. त्याच आवाजात वॉशिंग मशीन विकू लागले.

प्रदर्शन संपल्यावर भिकाजीने एकच गोष्ट मागितली होती. गावात हे यंत्र कुठलं असणार, म्हणून आईला दाखवायला त्याची व्हिडिओ कॅसेट. "झालंच समजा," डायरेक्टर म्हणाले. आणि आवराआवरीच्या गडबडीत त्या दिवशी ते काम मी स्वतःच्या हाताने खोडलं. खोडलेलं काम मी पुन्हा बघत नाही. कॅसेट राहिली. त्यात अर्धी चूक माझी.

आज दुपारी कपाटाच्या वरच्या फळीवर यंत्र सापडलं, आत सीडी. भिकाजी आता साठीला टेकलेत, बंदरात स्टोअरकीपर आहेत. यंत्र मांडीवर घेऊन बसून राहिले.

"आई आहे अजून, ताई. एका डोळ्याने दिसतं. फोनवर मधूनच विचारते, ती कॅसेट आली का रे?"

टीव्हीला जोडून पाहिलं. दिवा लागला, सीडी फिरेना.

"आंटी, इट्स डेड. फेकून देऊ?" मृण्मयी म्हणाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दहा मिनिटांनी जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा पत्ता घेऊन आली.

फ्रिज गेला, पलंग गेले, वीज बंद करायचा अर्ज दिला. भिकाजींचं गावी जायचं विमान बुधवारी आहे. बाकी काम एक : सोमवारी सकाळी नऊ वाजता यंत्र आणि सीडी घेऊन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला त्या दुरुस्तीवाल्याकडे जाणे, आणि भिकाजींची पूर्ण ओव्हर त्यांच्या फोनमध्ये घेऊन देणे.