कान्तो-सानची ‘अश्शी’

लक्ष्मीकांत कुंभोजकर हे नाव जपानी माणसाच्या तोंडात मावत नाही. तोयोसूच्या ऑफिसनं पहिल्याच आठवड्यात त्याचा पुढचा भाग छाटला आणि उरलेल्याला ‘सान’ जोडून ‘कान्तो-सान’ करून टाकलं. कान्तो म्हणजे तोक्योच्या आसपासचा अख्खा मुलूख. इचलकरंजीत एखाद्याला ‘दक्षिण महाराष्ट्रराव’ अशी हाक मारावी, तसा प्रकार. लक्ष्मीकांतनं तो मुकाट्यानं स्वीकारला. भांडायला अंगात त्राण लागतं, आणि मुलीनं आइस हॉकी सुरू केल्यापासून ते त्याच्यात उरलेलं नाही.

नुपूर पाचवीत आहे. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला बर्फावर गेली, ती एका अर्थी परत आलीच नाही. बर्फाची मैदानं मोजकी. दिवसभर तिथे फिगर स्केटिंगवाल्या, गिरक्या घेणाऱ्या पऱ्यांचं राज्य. हॉकीवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं, म्हणजे पहाट. त्यामुळे दर रविवारी अंधारात उरायासूच्या फ्लॅटमधून एक मिरवणूक निघते: पुढे नुपूर, मागे नुपूरहून मोठी बॅग, आणि त्या बॅगेखाली कुठेतरी बाप.

“मी स्विमिंग म्हणत होते,” सुहासिनी पांघरुणातूनच म्हणते. “स्विमिंगला एक टॉवेल लागतो.”

लक्ष्मीकांत पट्टा खांद्यावर चढवतो. बायको बरोबर आहे हे त्याला बॅग उचलतानाच कळलेलं असतं.

मैदानावर पोचल्यावर पालकांच्या पाळीनुसार पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मग स्टँडमधल्या गार बाकावर बसून गोठायचं. तिथे त्याला जागं ठेवणारी एकच गोष्ट होती, ओरडणं. शाळेत तो खो-खो खेळायचा. पोरगा बरोबर पळाला की तिथले सर मांडीवर थाप मारून ओरडायचे, “अस्सा!” लक्ष्मीकांतला ते मोजक्याच वेळा ऐकायला मिळालं होतं, म्हणून जपून ठेवलेलं होतं. मुलगी बर्फावर उतरली तेव्हा त्यानं ते बाहेर काढलं, आणि व्याकरणाला स्मरून स्त्रीलिंगी केलं. नुपूर झोकात वळली की “अश्शी!” चेंडूऐवजीच्या रबरी चकतीचा पास अचूक गेला की “अश्शी!” दोन हिवाळे त्यानं असे ओरडून काढले. बाकावर शेजारी बसणाऱ्या माएदाबाई, संघातल्याच एका मुलाची आई, त्याच्याकडे आदरानं बघायच्या. लक्ष्मीकांतला वाटायचं, आपला आवाज खणखणीत आहे.

यंदाच्या हिवाळी स्पर्धेआधी प्रशिक्षकांनी एकेका मुलाला पालकासह भेटायला बोलावलं. प्रशिक्षकाला जपानीत म्हणतात ‘कान्तोकु’. कान्तो आणि कान्तोकु, एका अक्षराचा फरक. बाकी फरक पुष्कळ होता. कुदोबाई उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदोच्या, चालायच्या आधी स्केट घातलेल्या, आणि पहाटेसुद्धा संतापजनक ताज्यातवान्या. सराव संपल्यावर कॉफीच्या मशीनजवळच्या टेबलाशी तिघं बसले.

“नुपूर-सानचं स्केटिंग फार चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “बहुतेक मुलं एकाच बाजूला नीट वळतात, ही दोन्हीकडे वळते. चकती काठीवर असताना मान खाली घालत नाही. कोण मोकळं आहे ते तिला सगळ्यांच्या आधी दिसतं. आणि चकती हातची गेली, तर रुसून उभी राहत नाही, मागे धावते. फॉरवर्डला हे शिकवून येत नाही.”

लक्ष्मीकांतचा कणा, जो सहसा रविवारी दुपारी जागा होतो, तो ताठ झाला. तेवढ्यात कुदोबाईंनी दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, “चोत्तो…”

चोत्तो म्हणजे ‘थोडंसं’. पण लक्ष्मीकांतला कोण शिकवणार? ऑफिसात तो ब्रिज इंजिनिअर, म्हणजे पूल. जपानी क्लायंट जे बोलत नाही ते पुण्याच्या टीमला समजावून सांगायचं, आणि पुण्याची टीम जे बोलते ते क्लायंटला कळू द्यायचं नाही, हा त्याचा धंदा. क्लायंट ‘चोत्तो’ म्हणाला की सगळं पुन्हा करायचं असतं.

“गोलासमोर ती शॉट मारत नाही,” कुदोबाई म्हणाल्या. “समोर कोणी नसलं तरी पास देते. त्याआधी क्षणभर वर बघते, स्टँडकडे. हात नाही कमी पडत, सरावात तिचे शॉट चांगले जातात. पण सामन्यात न मारणारा फॉरवर्ड… स्पर्धेत तिला बचावाला खेळवावं, असं माझ्या मनात आहे.”

नुपूर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. शाळेसाठी तिला तीनदा हलवावं लागतं. रविवारी ती आपण होऊन उठते, ती फॉरवर्ड खेळायला मिळतं म्हणून.

“आणि कान्तो-सान, बोलणं उद्धटपणाचं होईल…” कुदोबाईंनी मान लववली. “तुमच्या अपेक्षा उंच आहेत, त्याचा सगळ्यांना आदरच आहे. माएदा-सान तर घरी नवऱ्याला सांगतात म्हणे, त्या भारतीय वडिलांकडे बघा, कशानंच समाधान होत नाही त्यांचं. पण नुपूर-सान छान वळली तरी तुम्ही ‘ओशी!’ पास बरोबर गेला तरी ‘ओशी!’ थोडं कमी केलंत तर?”

ओशी म्हणजे ‘अरेरे, थोडक्यात हुकलं!’

जपानचं न बोललेलं पुण्याला कळवणारा पूल तिथेच मधोमध खचला.

“मी? ओशी? नाही हो! अश्शी! अश्शी म्हणतो मी! म्हणजे असंच, असंच चालू दे!” आणि घाबरलेला इंजिनिअर नेहमी करतो तेच त्यानं केलं, न विचारलेलं स्पष्टीकरण दिलं. “मुलगा असता तर दुसरं म्हणालो असतो. ही मुलगी आहे, म्हणून अश्शी!”

“मुलगी आहे म्हणून ओशी?” कुदोबाईंचा चेहरा गंभीर झाला.

ते निस्तरायला कॉफीचा आणखी एक कप लागला. निस्तरल्यावर नुपूरनं मान वर केली.

“झुत्तो?” म्हणजे, पहिल्यापासून?

“पहिल्यापासून.”

“पण तू तोंडपण तसंच करतोस,” ती जपानीत म्हणाली.

“अगं, ते थंडीनं होतं तसं. झोप झालेली नसते.”

“मला वाटायचं, बाबा एवढा दमून येतो, आणि मी दर वेळी हुकतेच.”

लक्ष्मीकांतनं रिकामा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ तो रिकामाच पीत राहिला.

कुदोबाईंनी ठरवलं, पुढच्या रविवारी मैत्रीचा सामना आहे, त्यात फॉरवर्ड खेळू दे. मग बघू. आणि कान्तो-सान…

“ओरडणार नाही,” कान्तो-सान म्हणाला.

घरी सुहासिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग नुपूरकडे बघितलं आणि हसायची थांबली. “दुसरं काहीतरी ओरड ना.” शोध सुरू झाला. ‘छान’ म्हणावं तर इथे लहान मुलींच्या नावापुढे ‘चान’ लावतात, निम्म्या पोरी वळून बघतील. ‘शाब्बास’ नुपूरनं बाद केलं, आजोबांसारखं वाटतं म्हणून. शेवटी मौन ठरलं. तेच सगळ्यांत कमी मेहनतीचं होतं.

सामन्याच्या पहाटे लक्ष्मीकांत मफलर तोंडावर गुंडाळून बसला. नुपूर गोलासमोर आली, सवयीनं वर बघितलं. त्यानं हातमोज्यांकडे बघितलं. तिनं पास दिला. पुन्हा आली, पुन्हा वर बघितलं, पुन्हा पास. खेळाडूंच्या बाकामागे उभ्या कुदोबाईंनी दातांतून श्वास ओढला. तो आवाज वर ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण लक्ष्मीकांतला आला.

सामना संपत आला होता. नुपूरनं डावीकडून चकती काढली, एका मुलाला हुलकावणी दिली, दुसरा उजवीकडे वळून चुकवला. गोलकीपर घसरून पडलेला. तिनं वर बघितलं. लक्ष्मीकांतच्या डोक्यात त्या क्षणी काहीच नव्हतं, ना व्याकरण, ना वचन. फक्त झोप होती. मफलर खाली गेला.

“अश्शी!”

नुपूरनं शॉट मारला. चकती गोलाच्या खांबावर ठण्णकन आपटून बाहेर गेली.

“ओशीऽऽ!” अख्खा स्टँड हळहळला.

“अश्शी!” त्या हळहळीत एकटा लक्ष्मीकांत उभा राहून ओरडत होता. “अश्शी! अश्शी!”

माएदाबाईंनी त्याच्या बाहीला हलकेच हात लावला. “कान्तो-सान,” त्या म्हणाल्या, “आज मात्र खरंच ओशी हो.”

हॉकीत थोड्या थोड्या वेळानं खेळाडू बदलतात, आणि सामना संपण्याआधी कुदोबाईंना आणखी एकदा मुलं बर्फावर सोडायची होती. डाव्या फॉरवर्डच्या जागी पाठवायला त्यांनी नुपूरच्याच पाठीवर थाप मारली. तिनं जाता जाता आणखी एक शॉट मारला. तो गोलाच्या आसपासही गेला नाही.

नुपूरची टीम सामना हरली. बाटल्या धुवायची पाळी लक्ष्मीकांतचीच होती. गाडीत नुपूर मागच्या सीटवर बॅगेला टेकली होती. त्याला वाटलं झोपली.

“बाबा,” ती चक्क मराठीत म्हणाली, “तू मघाशी ओशी म्हणालास का अश्शी?”

“अश्शी.”

“शॉटच्या आधी आणि हुकल्यावर, दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

“मग पुढच्या रविवारी जरा आधी जाऊ या. शॉट मारायचेत मला.”

आणखी आधी. लक्ष्मीकांतनं सिग्नलला गाडी थांबवली, जांभई दिली आणि बरं म्हणाला.